अभिप्रायाचा रकाना

देवघेवीच्या वहीत रकाने पाचच होते.
सहावा मी आखला,
पट्टी सापडेना म्हणून पुठ्ठ्याच्या कडेनं, जरा वाकडाच.
उशिराचा दंड रोज पन्नास पैसे,
पोरांकडं पैसे कुठले? म्हटलं, चार ओळी लिहा,
पुस्तक कसं वाटलं तेवढं.

कंधारच्या बसस्टँडमागं, खाली पंक्चरवाला, वर आम्ही.
जळक्या रबराचा वास
सगळ्या राजवटींना सारखाच लागतो.

दाखल क्रमांक ४१२, किल्ल्याची कादंबरी.
एक पोरगा रात्रभर दिंडी दरवाजा धरून ठेवतो,
पहाटे कुमक येते, नगारा वाजतो.
अकरा वर्षांचा असताना मी ती वाचली
आणि आठवडाभर खंदकाच्या काठानं
खांद्यावर काठी घेऊन फिरलो.
मुंजाजीनं लिहिलं:
"लई भारी. पण घोडा मरतो तिथं एकच ओळ हाय.
आमची म्हैस गेली तवा घरात चूल पेटली नव्हती.
घोड्याला नाव बी नाही. पाचपैकी तीन."

रात्री पान काढून पाहिलं. खरंच, एकच ओळ.
तीस वर्षं मी त्या घोड्यावरून उडी मारून
पुढच्या लढाईत जात होतो.

तस्लीम, सातवी, उर्दू शाळा,
मराठी वाचताना बोट ओळीखाली सरकवते:
"शत्रू रात्री कुठं जेवतो ते दिलेलं नाही.
त्याची अम्मी कोणत्या पानावर आहे?
पुस्तक चांगलं आहे. मी दोनदा वाचलं."
उत्तरासाठी रकाना नव्हता.
मी नुसता शिक्का मारला.

मग ४३०, जादूची.
आरशापलीकडचं राज्य, चांदीचा पक्षी, बोलणारी विहीर.
कव्हरवर सुशिल्याचा तेलकट डाग,
त्यातून पक्ष्याचा एक पंख पारदर्शक झालेला.
दैवशाला कडक आहे:
"विहीर नुसती कोडी घालते.
आमच्या गल्लीतली बोलली असती
तर आधी म्हणाली असती, गाळ काढा.
राजकन्या खिडकीत बसून राहते,
तिला धाकटा भाऊ नसावा."

या पुस्तकाची शेवटची अकरा पानं कसरीनं खाल्लेली.
पक्षी आरशावर चोच मारतो, आणि पुठ्ठा.
पोरांनी मागच्या कोऱ्या पानावर शेवट लिहिले,
जागा संपली तेव्हा कॅलेंडरचे कागद टाचले.
एकात आरसा फुटतो, दोन्हीकडचे लोक
एकमेकांकडं दळण टाकायला जातात.
एकात पक्षी मानार ओलांडून येतो
आणि कुणाच्याच हाती लागत नाही.

नांदेडहून नवी प्रत मागवली, पूर्ण.
तिच्यात आई हाक मारते, मुलगा जागा होतो,
सगळं स्वप्न असतं.
तस्लीमनं दोन शब्दांत निकाल दिला: "हे चूक."
नवी प्रत कपाटात करकरीत पडून आहे,
फाटकीला सहाजण नंबर लावून.

आषाढात तपासणीला साहेब आले.
पंखा, कपाटं, पावतीपुस्तक पाहिलं,
मग बोट सहाव्या रकान्यावर:
"हे कुणाच्या परवानगीनं?"
मी घसा खाकरला.
ते मात्र उभ्यानं वाचत राहिले, चहावर साय धरेपर्यंत,
आणि म्हणाले, "हा घोडा कुठल्या पुस्तकात आहे?"

४१२ काढून दिलं.
देताना पान सत्त्याण्णव उघडलं गेलं:
त्या एका ओळीशेजारी, समासात, पेन्सिलनं, 'चांद्या'.
खाली दुसऱ्या अक्षरात 'नाही, शबनम'.
खाली तिसऱ्यात 'घोडी होती का?'
पुस्तकात लिहू नये, असा बोर्ड माझ्याच डोक्यावर टांगलेला.
साहेबांनी बोर्ड पाहिला, मला पाहिलं,
पुस्तक बॅगेत टाकलं.

मुदत उलटून अडीच महिने झाले.
दंड मागायची माझी टाप नाही,
चार ओळी मात्र मी मागणार आहे.
मुंजाजी शाळा सुटली की जिना चढतो,
दाराशीच चप्पल वाजवत विचारतो,
"सर, घोडा आला का?"